त्रेचाळीस धवळींचं आवतण

आश्विनातलं ऊन कळमजाईच्या डोंगरावर चढत नाही. ते माथ्यावरून उतरतं. आधी सड्याच्या काळ्या कातळावर केशराची एक रेघ, मग राईच्या शेंड्यांवर हळदीचा हात, मग राबाच्या उतारावर पिवळंधमक पाऊल, आणि सगळ्यांत शेवटी, खालच्या कळमदऱ्यात चहा होऊन भांडी घासून झाल्यावर, ओढ्याकाठच्या गवतावर उरलंसुरलं सोनं. डोंगर आपलं सोनं वरून खाली वाटत येतो. गावाच्या वाट्याला येते ती पातेल्याच्या तळाची खरवड.

हिरव्याचंही तसंच, बरं का. ओढ्याकाठी धुळकट हिरवा. माळावर करडा, विटका, उन्हानं पुसलेला हिरवा. राबाच्या उतारावर पोपटी, पालवी, तांबूस, सोनसळी, एकमेकांत भांडणारे आणि एकमेकांत नांदणारे शंभर हिरवे. राईत काळाभोर हिरवा, ओलाचिंब हिरवा, इतका हिरवा की पाऊल टाकलं तर पावलालाही पानं फुटावीत. आणि सड्यावर, जिथं झाडं संपतात आणि वारा सुरू होतो, तिथं हिरवा गुडघे टेकतो आणि निळ्याजांभळ्या फुलांना म्हणतो, आता तुम्ही बसा.

हे सगळं पाहिलं होतं साऱ्या गावानं. मोजलं होतं एकीनं.

तिचं नाव जयवंती भांगरे. इयत्ता दहावी. दोन वेण्या, त्यांतली एक कायम सुटलेली. खांद्यावर वेळूची चौकट, एक मीटर लांब, एक मीटर रुंद. आणि छातीशी दोनशे पानी वही, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, तान्ह्या बाळासारखी धरलेली.

तीन वर्षांपूर्वी शाळेतल्या विज्ञानाच्या दिघेबाईंनी तिला ती चौकट करायला शिकवलं होतं. ओढ्यापासून सड्यापर्यंत सात जागा ठरवायच्या, एकीपेक्षा एक उंच. प्रत्येक जागी चौकट जमिनीवर टेकवायची आणि आत जे जे हिरवं असेल ते मोजायचं. झाड नाही, झुडूप नाही. ज्याच्या देठाचं लाकूड होत नाही ते. जे पावसाचं बोट धरून येतं आणि थंडीचं बोट धरून जातं ते. चिमुकलं, चिमटीएवढं, पायाखालचं, कुणी ज्याला नाव विचारत नाही ते.

जयवंतीनं नाव विचारलं. प्रत्येकाला विचारलं. गावानं तिचं नाव ठेवलं गवतमास्तरीण.

तिला ते नाव मनापासून आवडलं होतं.

चौकट तिच्या खांद्यावर असे आणि जागा मापायच्या दोरीचं दुसरं टोक सगुणाआत्याच्या हाती. सगुणाआत्या म्हणजे तिच्या वडलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आलेली, कळमदऱ्याची सुईण. गावातल्या दोन पिढ्यांचा पहिला टाहो तिच्या ओंजळीत उमटलेला. शाळा तिनं पाहिली ती बाहेरून. पण डोंगरावरच्या प्रत्येक पात्याचं नाव, गाव, गोत्र, स्वभाव, रुसवा तिला तोंडपाठ. जयवंतीनं चौकटीत बोट दाखवावं आणि आत्यानं वरून सांगावं, ही रानहळद, ही कुली, हिला पेव म्हणत्यात, ही कळलावी, हिच्या नादी लागू नको. आणि मोजणी लांबली की कंबरेवर हात ठेवून म्हणावं, "आज गवत मोजतीयास, उद्या माज्या डोईचे केस मोजशील. लवकर मोज बाई, थोडेच ऱ्हायलेत."

दोघी हसत. राई त्यांचं हसू शेवाळात जिरवून घेई.

आणि राईत होती धवळी.

श्रावणात, सहाव्या चौकटीच्या ओल्या अंधारात, ती उभी राही. वीतभर उंचीची, शुभ्रवसना, एकपाया तपस्विनी. खाली जमिनीला गाल टेकलेली दोन पानं, वर पांढऱ्या फुलांचा तुरा, बगळ्यांचा थवा उडता उडता देठावर थबकावा तसा. आणि मातीत, कुणाच्या नजरेला न पडणारे, जुळे कंद. थोरला गेल्या वर्षीचा; यंदाचं फूल उभं करता करता सुरकुतलेला. धाकटा यंदाचा, टपोरा, दुधाळ, पुढच्या श्रावणाचं स्वप्न पोटाशी घेऊन निजलेला.

बाळंतिणीचं मोडलेलं अंग सावरावं ते धवळीच्या कंदानंच, हे कळमदऱ्यात कुणी कुणाला शिकवत नसे. ते आईच्या दुधातूनच येई. पण धवळी आणायची तर तिची रीत होती, आणि ती रीत आत्यानं जयवंतीला इतक्या वेळा सांगितली होती, की ती तिच्या श्वासात बसली होती. बी झडून गेल्यावर, आश्विनात, आदल्या संध्याकाळी राईत जायचं. जिला न्यायचं तिच्या मुळाशी तांदळाचा एक दाणा ठेवायचा, हात जोडायचे, म्हणायचं, बाई, उद्या माझ्या घरी ये. हे आवतण. दुसऱ्या दिवशी दव सुकायच्या आत खैराच्या लाकडाची मेख घेऊन जायचं. लोखंड नाही, लोखंडानं माती दुखावते. बोटभर गोल भोक करायचं. थोरला कंद काढायचा, धाकटा परत निजवायचा, वरून माती थोपटायची, आणि मागं वळून न बघता उतरायचं. वर्षाला पाच. फार तर सहा.

"पाव्हणीला बोलवावं, जये," आत्या म्हणे, "तिचं म्हायेर मोडू नये."

हे वाक्य जयवंतीनं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. हिरव्या शाईत. खाली दोन रेघा मारून.

तीन वर्षं वही भरत गेली आणि वही भरता भरता बोलू लागली. पहिल्या चौकटीत, जिथं गुरं रोज चरतात, रोज तुडवतात, तिथं नऊ जाती: टाकळा, आघाडा, दूर्वा, आणि कुठून तरी आलेलं, कुणालाच नको असलेलं गाजरगवत. चौथ्या चौकटीत, जिथल्या फांद्या गाव दरसाल बेतानं तोडतं आणि शेताचा राब भाजायला नेतं, तिथं छत्तीस. माणसाचं पाऊल जिथं क्वचित पडतं त्या राईत चोवीसच. पण त्या चोवीसांतल्या आठ अशा, की साऱ्या डोंगरावर दुसरीकडं कुठंही नाहीत. आठांतली पहिली धवळी. तिची मोजणी जयवंती चौकटीपुरती ठेवत नसे. साऱ्या राईतल्या धवळ्या ती एकेक करून मोजे. यंदाच्या श्रावणात त्रेचाळीस.

म्हणजे बघा, उंची देते, ओल देते, धुकं देतं, हे खरंच. पण माणसाचा हातही देतो. तोडलेल्या फांदीच्या जागेतून जो उजेड खाली सांडतो, त्या उजेडाच्या पंगतीला छत्तीस जाती मांडी घालून बसतात. हात ओरबाडू लागला की रान नऊवर येतं. हात राखून लागला की छत्तीस होतं. आणि जिथं हात आधी जोडले जातात आणि मगच लागतात, तिथं धवळी उभी राहते. हे जयवंतीला समजलं त्या दिवशी ती पाचव्या चौकटीपासून घरापर्यंत धावत आली होती, आणि वाटेत दोनदा पडली होती, आणि दोन्ही वेळा हसत उठली होती.

आता त्या समजण्याला काम आलं होतं. डोंगराची वरची बाजू, राबाच्या उतारापासून थेट सड्यापर्यंत, माणसांना बंद करायची की गावाच्या हाती ठेवायची, हे ठरवायला एक समिती सोमवारी शाळेच्या पटांगणात येणार होती. दिघेबाईंनी कळवलं होतं, आमच्या मुलीकडं तीन वर्षांची मोजणी आहे, ती ऐका. समितीनं उलट कळवलं होतं, ऐकू.

ऐकू. दोनच अक्षरं, पण त्यांच्यावर जयवंती आठ दिवस तरंगत होती. पहिलं वाक्य तिनं ठरवलं होतं: आमच्या हातानं रान मरत नाही, याचा पुरावा माझ्या वहीत आहे. ते तिनं ओढ्यापुढं म्हटलं, चुलीपुढं म्हटलं, गोठ्यात म्हशीपुढं उभं राहून म्हटलं. म्हशीनं कान हलवले. जयवंतीनं ते अनुमोदन मानलं.

रविवारी शेवटची मोजणी करायची होती. आत्या म्हणाली, गुडघे दुखतायत, तूच जा. जयवंती एकटीच निघाली.

काय सांगावं त्या सकाळचं. तेरड्यानं उताराला गुलाल लावलेला. सोनकीनं कड्याला पिवळी किनार शिवलेली. दवाचा प्रत्येक थेंब आपल्यापुरता एक सूर्य घेऊन बसलेला. पहिली चौकट, नऊ. दुसरी, चौदा. तिसरी, एकोणीस. चौथीशी ती मुद्दाम रेंगाळली. छत्तीस जणींना तिनं नावानं हाक मारली, आणि एकीनंही गैरहजेरी लावली नाही. पाचवी, एकतीस. जयवंती चढत होती आणि तिच्याबरोबर तिची छाती चढत होती, तिचा आवाज चढत होता, उद्याचा सोमवार चढत होता.

राईत शिरताना चप्पल काढतात. तिनं काढली.

अंधार आधी तळव्यांना भेटला. गार, मऊ, कुजक्या पानांचा, जुन्या पावसाचा अंधार. मग डोळे सरावले.

धवळीची पानं होती. पण ती जमिनीला गाल टेकून नव्हती. उपटलेली, पिवळी पडत चाललेली ती पानं एका बाजूला ओळीनं निजवलेली होती, सगळ्यांचे देठ पूर्वेकडं. आणि प्रत्येकीच्या जागी एक भोक. बोटभर. गोल.

जयवंतीच्या मनात आधी बाहेरची माणसं आली. कुठून तरी टेम्पोतून येणारी, कुदळी घेऊन येणारी, पोत्यात रान भरून नेणारी. असं दुसऱ्या डोंगरांवर झाल्याचं तिनं ऐकलं होतं. तिनं मुठी आवळल्या. पण लुटणाऱ्या हाताला घाई असते. तो माती फाडतो, मुळं तोडतो, शेजारचं तुडवतो. इथं शेजारच्या नेच्याचं एक पान दुमडलेलं नव्हतं. शेवाळाची कड उसवलेली नव्हती. भोकांच्या भिंती गुळगुळीत होत्या, लाकडाच्या मेखेनं फिरवून फिरवून, माती न दुखावता केलेल्या.

हा लुटारूचा हात नव्हता. हा सुईणीचा हात होता.

आणि प्रत्येक भोकाच्या काठावर तांदळाचा एक दाणा. काळ्या मुंग्या ते पांढरे दाणे ओढून नेत होत्या. राईच्या तळाशी, सावकाश, वाजंत्रीविना, एक पांढरी वरात चालली होती.

तरीही तिनं आशा धरली. आशा अशीच धरायची असते, बोटानं. ती गुडघ्यांवर बसली आणि पहिल्या भोकात तिनं बोट घातलं. धाकटा असेल. धाकटा परत निजवला असेल. तळाशी गार माती लागली. दुसऱ्या भोकात घातलं. गार माती. तिसऱ्यात. दहाव्यात. बाविसाव्यात. त्रेचाळीस वेळा तिचं बोट डोंगराच्या कुशीत गेलं आणि त्रेचाळीस वेळा रिकामं वर आलं.

एकीलाही चोरून नेलं नव्हतं. आवतण देऊन नेलं होतं. प्रत्येकीच्या मुळाशी दाणा ठेवून, प्रत्येकीपुढं हात जोडून, बाई, उद्या माझ्या घरी ये, असं त्रेचाळीस वेळा म्हणून नेलं होतं. आणि त्या बायका विश्वासानं निघाल्या होत्या. रीत ठाऊक असलेल्या हातानं रीत मोडली, की मोडल्याचा आवाजही होत नाही.

सातवी चौकट तिनं मोजली. का मोजली, तिलाही सांगता आलं नसतं. सड्यावर सीतेची आसवं निळी फुलली होती, वितीएवढ्या जागेत शेकड्यांनी, आणि वारा त्यांच्या अंगावरून हात फिरवत होता. अठ्ठावीस, तिनं लिहिलं. अक्षर तिचं नव्हतं.

परसात बाजेवर सूप होतं. सुपात कंद होते, टपोरे, धुतलेले, दुधाळ, उन्हात किंचित पिवळसर होऊ लागलेले. पुढच्या वर्षीचा सारा श्रावण एका सुपात वाळत पडला होता. सगुणाआत्या शेजारी बसून ते खालीवर करत होती. तिनं वर पाहिलं. आधी जयवंतीची बोटं पाहिली, नखांपर्यंत मातीनं भरलेली. सूप झाकायला तिनं पदर पुढं केला, आणि मधेच सोडून दिला.

"धाकटे पण?" जयवंती म्हणाली.

"धाकटेच तर टिकत्यात."

मग आत्या बोलत राहिली, खाली बघून, कंद फिरवत, नेहमीच्याच आवाजात. आणि त्या नेहमीच्या आवाजाचीच जयवंतीला भीती वाटली. गुरुवारी खाली रस्त्याला सिमेंटचे खांब उतरवलेले तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, गाडीभर. खांब आले म्हणजे तार आली. तार आली म्हणजे राई गेली. गावात चार सुना पोटुशी आहेत, दोघींचे दिवस पौषात भरतात. त्यांचं अंग मोडलं तर सुईणीनं कुणाच्या फाटकावर जाऊन हात पसरायचे. म्हणून तिनं शुक्रवारी संध्याकाळी आवतण दिलं आणि शनिवारी पहाटे सगळ्यांना आणलं. सात वर्षांची बेगमी झाली. जे रानात राहील ते उद्या आपलं नाही; घरात येईल तेवढंच आपलं.

"खांब शाळेच्या कुंपणाचे आहेत, आत्या. अजून काहीच ठरलेलं नाही. उद्या ठरायचंय."

सुपावरचा हात थांबला. एक माशी कंदावर बसली, उठली, पुन्हा बसली. आत्यानं ती हाकलली नाही.

"मला विचारायचं होतंस," जयवंती म्हणाली.

"तुला काय इचारायचं, जये. तू पोर." आत्यानं पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. त्या डोळ्यांत कपट नव्हतं. कपट असतं तर बरं झालं असतं. "त्या वहीवर डोंगर ऱ्हातो व्हय?"

झालं. एवढंच होतं. धवळीच्या भोकाएवढंच, बोटभर, गोल, काठ न दुखावता केलेलं.

तीन वर्षं आत्या दोरीचं टोक धरून उभी होती. तीन वर्षं उन्हात, चिखलात, जळवांत, एकेका पात्याचं नाव सांगत होती. आणि तीन वर्षं तिला वाटत होतं, पोर खेळतेय. दोघी हसत होत्या तेव्हा एकटी जयवंतीच त्या हसण्यात राहत होती. आत्या दारात उभी राहून, खेळ संपायची वाट बघत होती. त्रेचाळीस धवळ्या मुळासकट गेल्या याचं दुःख डोंगराएवढं होतं. पण त्याच्याही वर, जिथं काही उगवत नाही, तिथं हे दुसरं दुःख एकटं उभं होतं: जिच्या भरवशावर वही लिहिली, तिचाच वहीवर भरवसा नव्हता.

संध्याकाळी आत्यानं स्वतःच्या हातानं तिचं ताट वाढून आणलं. समोर बसली. मग हळूच म्हणाली, "उद्या त्रेचाळीसच वाच. श्रावणात व्हत्याच की. वर बघाया कोन जातंय."

आणि गंमत बघा, ते खोटंही नव्हतं. श्रावणात होत्याच. वहीत लिहिलेल्या होत्या, तारीख टाकून, निळ्या शाईत. त्रेचाळीस म्हटलं की डोंगर गावाचा. त्रेचाळीस म्हटलं की आत्या आत्याच राहणार, गवतमास्तरीण साऱ्या कळमदऱ्याची लाडकी होणार. फक्त पुढच्या श्रावणात राईच्या अंधारात काहीच उभं राहणार नाही, आणि ते साऱ्या जगात दोघींनाच ठाऊक असेल. दोघी त्या ठाऊक असण्याला मधे घेऊन, एकाच चुलीपुढं, वर्षानुवर्षं भाकरी खातील.

जयवंतीनं ताट बाजूला सारलं नाही. ती जेवली. प्रत्येक घास मातीचा लागला.

सोमवारी पटांगणात सतरंज्या घातल्या होत्या. समितीची पाच माणसं खुर्च्यांवर. मधोमध प्रमुख बाई, पांढऱ्या केसांच्या, मांडीवर वही घेतलेल्या. पुढं बाप्ये, मागं बाया, बायांत सगुणाआत्या, हिरवं लुगडं नेसून, देवाला जाताना नेसते ते. दिघेबाईंनी जयवंतीला पुढं केलं. मागून कुणीतरी म्हणालं, आता गवतमास्तरणीचा तास, आणि माणसं प्रेमानं हसली.

ठरवलेलं पहिलं वाक्य तिच्या ओठापर्यंत आलं, आणि ओठानं त्याला दार उघडलं नाही. तिनं सरळ आकड्यांना हात घातला.

पहिली चौकट. दुसरी. तिसरी. तिचा आवाज उंची चढू लागला, तसा थरथर मागं टाकत गेला. चौथीशी ती म्हणाली, इथं आम्ही दरसाल फांद्या तोडतो, आणि इथं छत्तीस आहेत. प्रमुख बाईंनी मान वर केली, तो आकडा पुन्हा विचारला, लिहून घेतला. सतरंजीवर कुजबुज फुलत गेली. पाचवी, एकतीस. कुणी टाळी वाजवली. गाव वाऱ्यावरच्या शेतासारखं डोलत होतं.

"सहावी चौकट. राई. श्रावणात धवळी त्रेचाळीस."

इथं पूर्णविराम देता आला असता. तो समोरच होता, मोहरीएवढा, काळा, तयार. सारं गाव त्याच्या एका बाजूला बसलेलं होतं. जयवंतीनं मागच्या ओळीकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती त्या डोळ्यांत बुडाली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"काल, शून्य."

कुजबुज मिटली. एका बाईच्या मांडीवरचं मूल तेवढं बोबडं काही बोलत राहिलं.

"कुणी नेल्या?" प्रमुख बाईंनी विचारलं.

बोट दाखवायला एकच माणूस होतं, आणि तिला साऱ्या गावानं जन्माच्या दारात पाहिलेलं होतं. जयवंतीची बोटं वहीच्या कडेवर घट्ट झाली.

"आम्ही," ती म्हणाली.

मग तिनं सातवी चौकट वाचली. सीतेची आसवं, गेंद, आभाळी, अठ्ठावीस जाती, सगळ्या वितीएवढ्या, वाऱ्यापुढं वाकणाऱ्या आणि वाऱ्याला न सुटणाऱ्या. कुणी ऐकत नव्हतं. तिनं एकही नाव गाळलं नाही.

समिती उंबराखाली जाऊन बोलली, परत आली, आणि प्रमुख बाईंनी सांगितलं. राबाचा उतार आणि त्यावरची पाचव्या चौकटीची बाजू गावाच्याच हाती राहील. आकडे गावाच्या बाजूनं बोलतायत. राई आणि सडा मात्र पाच वर्षं बंद. कुणीही जायचं नाही, कशासाठीही नाही. आणि मोजायला? दिघेबाईंनी विचारलं. प्रमुख बाईंनी वही मिटली. मोजायलाही नाही, त्या म्हणाल्या.

दिघेबाई जयवंतीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, अर्धा डोंगर राखलास, पोरी. पण डोंगर काय भाकरी आहे, अर्धा करायला? माणसं उठत होती, चपला शोधत होती. कुणी तरी जाता जाता, तिला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणालं, गवतमास्तरणीनं घरचंच गवत कापलं. ते हसण्यासाठी म्हटलेलं होतं. कुणी हसलं नाही.

तेव्हा तिनं मागं पाहिलं. मागच्या ओळीत हिरव्या लुगड्याची जागा रिकामी होती.

शाळेमागून वाडीकडं एक पायवाट उतरते, नागलीच्या शेतातून. नागली पिकली होती, कणसं मुठी मिटून, जडावून, एका अंगाला कलली होती. सगुणाआत्या त्या पिवळ्यातून चालली होती. तिचं हिरवं लुगडं कमरेपर्यंत दिसत होतं, मग खांद्यापर्यंत, मग नुसता अंबाडा, थोड्याच केसांचा. ती अडखळली नाही. ती थांबली नाही. जयवंतीनं हाक मारायला तोंड उघडलं, आणि वाऱ्यानं शेत हललं, आणि हाक तिच्या तोंडात तशीच राहिली.

आत्या जिथून गेली तिथं कणसं दुभंगली होती. एक अरुंद, सावळी वाट, माणसाएवढी. आता ती मिटू लागली. एक कणीस दुसऱ्याला टेकलं, दुसरं तिसऱ्याला. पिवळं पिवळ्यात गेलं. वाट अर्धी मिटली, पाऊण मिटली, मिटत मिटत मिटली.